ऑफिसमध्ये सिनेमा दाखवून मानसिक आजारावर बोलायचं आहे, कसं करावं?

खिडकीपाशी

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या ऑफिसात साधारण साठ माणसं आहेत. मी एचआरमध्ये नाही पण कार्यक्रम वगैरे ठरवणाऱ्या चार-पाच जणांत असते. आमच्यातली एक जण तीन महिने रजेवर होती, मागच्या महिन्यात परत रुजू झाली. रजा कशासाठी ते कोणी सांगितलं नाही, सांगायचं कारणही नव्हतं, पण कुठून तरी फुटलंच की ती ॲडमिट होती आणि हॉस्पिटल "तसलं" होतं. तेव्हापासून जे चाललंय ते मला बघवत नाही. कोणी वाईट वागत नाही हे आधीच सांगते, उलट सगळे जरा जास्तच गोड बोलतात. पण ती आली की आवाज खाली जातात, तिच्याशी बोलताना लोक लहान मुलाला समजवावं तसे सावकाश बोलतात. परवा प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून ती वैतागून काहीतरी बोलली, कोणीही वैतागतं तसंच, तर मागे दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नुसतं बघितलं. ते बघताना मला माझी सख्खी मावशी आठवली. तिला हा त्रास होता आणि ती जोरात हसली तरी घरात असंच एकमेकांकडे बघितलं जायचं, रडली तरी तसंच. शेवटी शेवटी ती हसायचीही नाही आणि रडायचीही नाही, आणि घरचे म्हणायचे आता बरी आहे.

तर १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, तेव्हा ऑफिसात एखादा सिनेमा दाखवावा आणि नंतर त्यावर बोलावं असं डोक्यात आहे. भाषण ठेवलं तर लोक मोबाइल बघत बसतात हे अनुभवाने माहीत आहे, सिनेमा निदान बघतील तरी. कुठला दाखवू, पूर्ण दाखवू की तुकडे, नंतरची चर्चा कोणी घ्यायची? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे हे सगळं तिच्यामुळेच चाललंय असं तिला वाटलं तर काय करू? तिला दुखवायचं नाहीये हो, म्हणून तर हे करायचंय.

दुसरी_पाळी

ताई, पहिली गोष्ट, मनात आलं हेच खूप आहे. मी असे चार-पाच शो लावलेत, दोन वेगवेगळ्या नोकऱ्यांमध्ये, आणि पहिला पार फसला होता, तर तो कसा फसला तेच आधी सांगतो, म्हणजे तुमचं तेवढं तरी वाचेल.

आम्ही अख्खा सिनेमा लावला. सव्वादोन तास. कामाचा दिवस, चारला सुरू केला, संपेपर्यंत सव्वासहा, निम्म्या लोकांना घरी जायची घाई, आणि चर्चेला उरली वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत आधी पाच मिनिटं कोणीच बोललं नाही, मग आमचे तेव्हाचे साहेब उठले आणि म्हणाले, "फार छान सिनेमा, सुदैवाने आपल्याकडे असं कोणी नाही." झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि निघाले. मी दाराशी उभा होतो म्हणून मला दिसलं, आमच्यातला एक जण टाळ्या वाजवता वाजवता जमिनीकडे बघत होता. पुढे दीड वर्षाने त्याने मला सांगितलं की तेव्हा त्याच्या गोळ्या चालू होत्या आणि त्याच आठवड्यात तो साहेबांना सांगणार होता. त्या एका वाक्यानंतर त्याने सांगायचा विचार सोडून दिला. साहेब वाईट नव्हते, मनापासून चांगलं म्हणून बोलले होते. पण त्या खोलीत सगळ्यात वरच्या माणसाने जे म्हटलं तोच नियम होऊन बसला.

म्हणून आता मी आधी साहेबांशी बसतो. शोच्या दोन दिवस आधी त्यांना सिनेमा दाखवतो आणि विचारतो, तुमच्या घरात, नात्यात, मित्रांत कोणाला असा त्रास झालाय का. झालेला असतोच. मग विचारतो की तेवढं, तुमच्या मनाला पटेल तेवढंच, सुरुवातीला सांगाल का. एका ठिकाणी मॅडमनी फक्त एवढंच सांगितलं की बाळंतपणानंतर मला आठ महिने काहीच आवडत नव्हतं, मी उपचार घेतले आणि याच खुर्चीत बसून काम केलं. त्या दिवशी चर्चा दीड तास चालली, शेवटी लाइट बंद करणारा येऊन उभा राहिला तरी माणसं उठेनात.

बाकी मोघम सांगतो. अख्खा सिनेमा नको, पंधरा-वीस मिनिटांचा भाग घ्या आणि त्याच्या दुप्पट वेळ बोलायला ठेवा. सिनेमा बघायची सक्ती नको, आणि नाही आलं तर कोणी कारण विचारणार नाही हे मेलमध्येच लिहा. खुर्च्या रांगेत नकोत. गोल करा, पण दार सगळ्यांना मोकळं राहील असा, म्हणजे मधेच उठून जायचं असेल तर माणसाला सगळ्यांच्या समोरून जावं लागू नये. हे बारीक वाटतं पण फार महत्त्वाचं आहे. आणि घरच्या सबस्क्रिप्शनवर ऑफिसच्या हॉलमध्ये सिनेमा लावू नका, ते घरच्यापुरतंच असतं. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना लेखी विचारा, असल्या कामाला बरेच जण आनंदाने हो म्हणतात.

पहिला प्रश्न "सिनेमा कसा वाटला" हा कधीच विचारू नका. लोक परीक्षण सुरू करतात, अभिनय छान, कॅमेरा छान. मी विचारतो, हा माणूस उद्या आपल्या टीममध्ये आला तर पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्याशी काय बोलाल? मग बघा.

कंदील

मी मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे सिनेमा निवडण्याबद्दल थोडं लिहिते. वरती दुसरी_पाळी यांनी लिहिलंय ते सगळं पटलं, विशेषतः दाराचं.

मानसिक आजार म्हटलं की लोक हमखास दोन इंग्रजी सिनेमे सुचवतात. एक म्हणजे "वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट", १९७५ चा. ताकदीचा सिनेमा आहे, खऱ्याखुऱ्या मनोरुग्णालयात चित्रित केलाय, तिथल्या खऱ्या प्रमुख डॉक्टरांनीच त्यात डॉक्टरचं काम केलंय. पण त्यात विजेचे झटके शिक्षा म्हणून देतात, माणूस जागा असताना, आणि ते दृश्य ज्याने एकदा बघितलं त्याच्या डोक्यातून जात नाही. आज ईसीटी, म्हणजे हाच विजेच्या झटक्यांचा उपचार, भूल देऊन आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊन करतात आणि तीव्र डिप्रेशनमध्ये ती खरोखर जीव वाचवते. माझ्यासमोर किती नातेवाइकांनी "ते सिनेमातलं नको" म्हणून उपचार नाकारलेत ते मलाच माहीत. ऑफिसात तो दाखवलात आणि समजा तुमच्या सहकारी बाईंना तोच उपचार मिळालेला असेल तर? आपल्याला माहीत नाही ना. म्हणून तो नकोच.

दुसरा "अ ब्युटिफुल माइंड", २००१ चा, गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरचा. हा चालेल, पण त्यात काय बदललंय ते सांगून दाखवा. सिनेमात नॅशना नसलेली माणसं डोळ्यांना दिसतात, खऱ्या आयुष्यात त्यांना त्रास मुख्यतः आवाजांचा होता, आणि त्यांना झालेल्या स्किझोफ्रेनिया या आजारात आवाज ऐकू येणं हेच जास्त आढळतं. शिवाय सिनेमात शेवटी ते नवीन औषधं घेतात असं म्हणतात, प्रत्यक्षात त्यांनी १९७० च्या सुमारास औषधं बंद केली होती. यावरून कोणी औषधं सोडू नयेत, बहुतेकांना ती लागतात आणि डॉक्टरांना न विचारता सोडली की आजार उलटतो, हे मी हजारदा बघितलंय. पण त्यांच्या गोष्टीतला नोकरीचा भाग मात्र चर्चेला फार चांगला आहे. १९५९ मध्ये आजार उफाळला, हॉस्पिटलात राहावं लागलं आणि त्यांनी एमआयटी या विद्यापीठातली नोकरी सोडली. नंतर कितीतरी वर्षं ते प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात फिरायचे, फळ्यावर काहीबाही लिहून ठेवायचे, आणि तिथल्या लोकांनी त्यांना हाकललं नाही, लायब्ररी वापरू दिली, कॉम्प्युटर वापरू दिला. १९९४ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा जगाला ते परत दिसले. मी चर्चेत लोकांना विचारते, नोबेल बाजूला ठेवा, नोबेल मिळालं नसतं तर त्या माणसाला तिथे बसू देणं चुकीचं ठरलं असतं का? त्यावर लोक खरोखर विचार करतात. कारण नाहीतर सिनेमातून एकच निघतं, की आजार असला तरी चालेल पण माणूस अलौकिक बुद्धीचा पाहिजे. साध्या क्लार्कला, ड्रायव्हरला आजार झाला तर त्याचं काय?

मराठीतले सांगायचे तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे बघा. "देवराई" २००४ चा, अतुल कुलकर्णींनी केलेला शेष हा स्किझोफ्रेनिया असलेला तरुण आणि सोनाली कुलकर्णींनी केलेली त्याची बहीण. त्यात आजारी माणूस जितका दिसतो तितकीच त्याचं करणारी बहीणही दिसते, आणि ऑफिसात बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी असं करणं चालू असतं, ते लोकही बोलू लागतात. "कासव"ला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, तो डिप्रेशनवरचा आहे आणि फार हळुवार आहे. स्वतः त्यातून गेलेली बाई दुसऱ्या एका मुलाला नुसतं राहू देते, फार प्रश्न न विचारता. पण त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचा भाग आहे, तेव्हा तो भाग वगळा आणि विषय काय आहे ते आधी सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सिनेमा-नाटक करणाऱ्यांसाठीच एक मार्गदर्शिका काढली, त्यात मुख्य सांगणं हेच आहे की आत्महत्येची पद्धत दाखवू नका, माणूस कठीण काळातून बाहेर आला ते दाखवा, मदत कुठे मिळते ते दाखवा. आपण दाखवणाऱ्यांनीही तेच पाळावं. शोच्या दिवशी तुम्ही राहता तिथल्या हेल्पलाइनचा नंबर आणि एखाद्या समुपदेशकाचा नंबर पडद्यावर शेवटी पाच मिनिटं तसाच राहू द्या, चिठ्ठी वाटू नका, चिठ्ठी घेताना माणूस दिसतो.

अजून एक शब्दांचं. स्किझोफ्रेनियाला आपण छिन्नमनस्कता म्हणतो, आणि त्या शब्दामुळेच लोकांना वाटतं की एका माणसात दोन माणसं असतात. तसं नसतं. मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ दुभंगलेलं मन असाच होतो, म्हणजे घोळ तिकडचाच आहे. जपानमध्ये तर याच कारणाने २००२ मध्ये आजाराचं नावच बदललं. चर्चेच्या आधी फळ्यावर आपण ऑफिसात सहज वापरतो ते शब्द लिहा, मेंटल, सायको, डोक्यावर पडलाय, स्क्रू ढिला आहे, आणि कोणाला काही न विचारता ते तसेच तिथे राहू द्या. सिनेमा संपल्यावर लोक आपोआप तिकडे बघतात.

मोजपट्टी

मी टीम लीड आहे, चौदा माणसं आहेत हाताखाली. मला मनापासून एक विचारायचंय, कोणी राग मानू नका. सिनेमा बघून डोळे पाणावतात, सगळं खरं, पण दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी असते. माझ्या टीममध्ये एकाला डिप्रेशन होतं, मी त्याला म्हटलं तू आराम कर, कामाचं मी बघतो. त्याचं अर्धं काम मी काढून घेतलं, बाकीच्यांना वाटून दिलं, बाकीचे कुरकुरायला लागले, आणि सहा महिन्यांनी तोच राजीनामा देऊन गेला. मला आजही कळलेलं नाही की मी काय चुकीचं केलं. मी तर त्याला सांभाळूनच घेत होतो. असा सिनेमा मला काय सांगणार?

आणि दुसरं, आजकाल जो तो बर्नआउट म्हणतो. त्यात खरा आजार कुठला आणि कामाचा कंटाळा कुठला हे माझ्यासारख्याने कसं ओळखायचं?

अर्धा_चंद्र

मोजपट्टी, तुमच्या टीममधला तो मी नाही, पण मी तोच आहे असं समजून वाचा.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी पार खचतं असा आजार. अकरा वर्षं झाली निदान होऊन, त्यातली नऊ वर्षं मी सलग नोकरी करतोय. त्यासाठी लिथियम हे औषध घेतो. लिथियमने माझ्या हाताला बारीक कंप सुटतो, पाण्याचा ग्लास पूर्ण भरलेला असला की सांडतो, म्हणून मी ऑफिसात ग्लास कायम अर्धाच भरतो. मीटिंगमध्ये मी कधीच स्वतः लिहून घेत नाही, लॅपटॉप घेऊन बसतो, कारण अक्षर वेडंवाकडं येतं. दर काही महिन्यांनी रक्त तपासून लिथियमची पातळी बघावी लागते, त्या सकाळी मी उशिरा येतो आणि दरवेळी बँकेचं काम सांगतो. माझ्या बँकेत इतकी कामं कशी असतात याचा अजून कोणाला संशय आलेला नाही. हे सगळं लपवण्यात जी शक्ती जाते ना, ती आजारापेक्षा जास्त असते कधी कधी, खरंच सांगतो.

तुम्ही काम काढून घेतलंत, चांगल्या मनाने काढून घेतलंत, ते मला कळतंय. माझंही काढलं होतं. पहिल्या वेळी मी रजेवरून परत आलो तर माझं टेबल तेच, खुर्ची तीच, आणि दिवसभर करायला काही नाही. मी ज्या प्रोजेक्टवर होतो त्याच्या मेलमध्ये माझं नाव नाही. विचारलं तर म्हणाले, तुला ताण नको म्हणून. मला कोणी विचारलंच नाही की तुला काय झेपेल. संध्याकाळी घरी जाताना डोक्यात एकच, की यांच्या लेखी मी संपलो. डिप्रेशन असलेल्या माणसाला त्याचं डोकं दिवसभर हेच सांगत असतं की तू कामाचा नाहीस, आणि तुम्ही त्याचं काम काढून घेतलंत म्हणजे त्या आवाजाला साहेबाची सही मिळाली. तो सहा महिने तरी थांबला. मी तीन महिन्यांत सोडली होती ती नोकरी.

दुसऱ्या ठिकाणी मॅडमनी मला समोर बसवून विचारलं, यातलं कुठलं काम तुला आत्ता जमेल, कुठलं महिनाभर नको. मी म्हटलं रात्री उशिराचे कॉल नको, झोप मोडली की माझं बिघडतं, बाकी सगळं द्या. एवढंच. दहा मिनिटांचं बोलणं होतं, आणि मी तिथे अजून आहे.

आता सिनेमाचं. खिडकीपाशी, मी असा एक शो आतून बघितलाय, म्हणजे त्या साठ जणांतला तो एक म्हणून. पडद्यावर हिरोला त्रास सुरू झाला की मला वाटायचं आता सगळे माझ्याकडे बघणार. कोणाला काही माहीत नव्हतं तरी. मी इतका ताठ बसलो होतो की नंतर मान दुखली. मग चर्चेत एक मुलगी म्हणाली की तो जे वागतो ते मला भीतीदायक नाही वाटलं, मला त्याच्या एकटेपणाची भीती वाटली. मी तिला कधीच काही सांगितलेलं नाही. पण ऑफिसात काही झालं तर कोणाकडे जायचं हे मला त्या दिवशी कळलं. माझ्यासाठी त्या शोचा एवढाच उपयोग झाला आणि तो खूप मोठा होता.

सिनेमातल्या माणसाबद्दल बोलता येतं हे खरं आहे, कारण तो त्या खोलीत नसतो, त्याला लाज वाटणार नसते. पण तुमच्या ऑफिसात ती आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ती बसलेली असताना दाखवणार असाल तर आधी तिला विचारा. नुसतं कळवू नका, विचारा, आणि ती नको म्हणाली तर त्या वर्षी नको. आणि कृपा करून तिला "दोन शब्द बोल" असं सांगू नका. ती बोलली तर सगळ्यांना भरून येईल आणि नंतर रोज तिथे बसायचंय तिला.

कंदील

अर्धा_चंद्र, तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या नवीन लोकांना वाचायला देणार आहे, चालेल ना? नको असेल तर सांगा.

मोजपट्टी, बर्नआउटचं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, बर्नआउट आहे पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. सांभाळता न आलेल्या कायमच्या ताणामुळे माणूस पार थकून जातो, कामापासून मनाने तुटतो, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटायला लागतं. डिप्रेशन कामाच्या बाहेरही पसरतं, सुट्टीतही सोडत नाही, झोप, भूक, आवडीच्या गोष्टी सगळ्यांत शिरतं. पण तुम्ही हे ओळखायला बसू नका. ते डॉक्टरांचं काम. तुम्ही फक्त बदल ओळखा, नेहमी वेळेवर येणारा उशिरा यायला लागला, बोलका गप्प झाला, आणि एकट्यात विचारा की बरा आहेस ना, आणि मग गप्प बसा, त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. याच संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मॅनेजरांना प्रशिक्षण द्या असं वेगळं सांगितलंय. तेव्हाच त्यांनी हेही म्हटलं होतं की डिप्रेशन आणि चिंता यांपायी जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. तुमच्या वरच्यांना डोळ्यांत पाणी आणणारं काही चालत नसेल तर हा आकडा द्या.

आणि सिनेमाचा खरंच उपयोग होतो का तर, २०१२ मध्ये पॅट्रिक कॉरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ देशांतले ७२ अभ्यास एकत्र करून बघितले होते. मोठ्या माणसांच्या बाबतीत नुसती माहिती देण्यापेक्षा आजारातून गेलेल्या माणसाशी भेट झाली की कलंकाची भावना जास्त कमी होते, आणि व्हिडिओवर भेट होण्यापेक्षा समोरासमोर भेट जास्त काम करते. म्हणजे सिनेमा ही सुरुवात झाली. शक्य असेल तर बाहेरून कोणी, जी व्यक्ती स्वतः बरी होऊन कामावर आहे आणि जिला बोलायची सवय आहे, अशी बोलवा. बाहेरून, म्हणजे तुमच्यातल्या कोणावर ते ओझं नको. रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या स्वमदत गटांत अशी माणसं भेटतात.

मोजपट्टी

अर्धा_चंद्र, तुमचं दोनदा वाचलं. साहेबाची सही हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. त्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. काय लिहावं ते अजून सुचत नाही, पण लिहिणार आहे.

दुसरी_पाळी

मोजपट्टी, फार विचार करू नका. मी तुझं काम न विचारता काढून घेतलं, ते चुकलं, एवढंच लिहा. उत्तर नाही आलं तरी चालेल.

खिडकीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार, पंधरा दिवसांनी येतेय कारण मधे बरंच काही झालं.

तिला विचारलं. तीन दिवस धीर होत नव्हता, मग एकदा आम्ही दोघीच लिफ्टमध्ये होतो तेव्हा म्हटलं की तुझ्याशी बोलायचंय, आणि खाली बाकावर बसून सगळं सांगितलं, सिनेमाचं, १० तारखेचं, आणि तू नको म्हणालीस तर नको हेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. कंदील यांचं वाचलं होतं म्हणून मी पण गप्प बसले, फार जड गेलं ते. मग तिने विचारलं, "सगळे बघत असतील तेव्हा मी कुठे बसू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेच तर मी इथे विचारत होते, पण तिच्या तोंडून ऐकल्यावर फार वेगळं वाटलं.

मग ती म्हणाली सिनेमा दाखवा, मला चालेल, मी त्या दिवशी येणार नाही आणि कोणी विचारलं तर सांगू नका का ते. पण मला एक सांगायचंय. सोमवारी सकाळी बाहेरच्या लोकांशी जो आढाव्याचा कॉल असतो तो चार वर्षं मी घेत होते. परत आले तेव्हा तो दुसऱ्याकडे गेला होता. मला कोणी सांगितलं नाही, मी सोमवारी सगळी तयारी करून बसले होते, आकडे काढले होते, आणि दहा वाजता पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज आला.

मला हे माहीतच नव्हतं हो. मी एकमेकांकडे बघणाऱ्या त्या दोघांवर चिडत होते आणि हा कॉल काढला गेला हे मी स्वतः मेलमध्ये वाचलेलं होतं, नुसतं वाचून पुढे गेले होते. मलाही तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, तिला ताण नको.

तिच्या परवानगीने मी आमच्या साहेबांशी बोलले. फक्त कॉलबद्दल बोलले, बाकी काही नाही. ते म्हणाले की ती काही बोलली नाही म्हणून मला वाटलं तिला हवंच आहे असं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला बोलावून विचारलं. तिने सांगितलं की पहिले दोन सोमवार तो बरोबर असू दे, मग मी एकटी घेईन.

सिनेमा पण ठरला. "देवराई"तले दोन भाग घेतोय, मिळून अठरा मिनिटं, परवानगीसाठी लिहिलंय, आणि एका स्वमदत गटातून एक काका यायला तयार झालेत, ते छापखान्यात काम करतात आणि वीस वर्षं उपचार घेतायत. साहेब सुरुवातीला त्यांच्या भावाबद्दल थोडं सांगणार आहेत. खुर्च्या गोलात, दार मोकळं. मावशीचं मी बोलणार नव्हते, पण आता बोलेन असं वाटतंय.

आज सोमवार होता. तिने कॉल घेतला, तो शेजारी बसला होता पण एकदाही बोलावं लागलं नाही त्याला. मधे एकदा तिचा आवाज चढला, समोरच्यांनी आकडे चुकीचे धरले होते म्हणून, आणि आमच्या इथे कोणी मान वर करून बघितलं नाही. म्हणजे मी बघितलं. पण मला आनंद झाला म्हणून बघितलं.

अर्धा_चंद्र

दोन सोमवारांनंतर एकदा इथे लिहा, वाट बघतो. कंदील, चालेल, द्या वाचायला.